बाद पद्धतीच्या स्पर्धेत १६ संघ असतील तर एकूण किती निकाल शक्य आहेत? प्रत्येक फेरी वेगळी मोजावी लागते का? आणि सगळे निकाल अचूक ओळखण्याची शक्यता किती?

३२,७६८. फेऱ्या मोजायची काहीही गरज नाही.

प्रत्येक सामन्यात एकच संघ बाहेर जातो. १६ पैकी १५ बाहेर गेले की विजेता उरतो, म्हणून सामने १५. प्रत्येकाचे निकाल दोन, म्हणजे २ चा १५ वा घात. लोक अडतात ते उपांत्य फेरीपाशी: तिथे कोण पोचणार हेच ठरलेलं नाही, मग शक्यता दोनच कशा? कोणीही पोचो, स्पर्धेच्या तक्त्यात त्या सामन्याला एक संघ वरून येतो आणि एक खालून. वरचा जिंकला की खालचा, एवढंच लिहायचं. असे १५ शब्द ओळीने लिहिले की अख्खी स्पर्धा त्यातून उलगडते, आणि दोन वेगळ्या ओळींतून एकच स्पर्धा कधीच निघत नाही. पडताळा हवा असेल तर कुठलाही एक संघ विजेता धरा. त्याचे ४ सामने ठरले, उरलेले ११ मोकळे, म्हणजे २,०४८ निकाल. १६ गुणिले २,०४८, पुन्हा ३२,७६८.

हे इतक्या ठामपणे लिहितेय, कारण याच विचारासाठी माझे गुण कापले गेले होते. परीक्षेत १३ संघांचं गणित आलं होतं. मी लिहिलं: १२ संघ हरायला हवेत, म्हणून १२ सामने, म्हणून ४,०९६ निकाल. दोन ओळी. पेपर हातात आला तेव्हा उत्तरावर बरोबरची खूण होती आणि शेजारी ५ पैकी १.

मी सरांकडे गेले. ते म्हणाले, "पायऱ्या कुठे आहेत? पहिल्या फेरीत सामने किती, बाय किती, दुसऱ्या फेरीत किती?" (बाय म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत जाणं.)

"सर, त्याची गरजच पडत नाही."

"पडत नाही कशी? बाय कोणाला आणि कधी द्यायचा, त्यावर सगळं अवलंबून आहे."

हे शेवटचं वाक्य मी सोडून देऊ शकले नाही, कारण ते चूक आहे. तिथेच फळ्यावर मांडून दाखवलं. संख्या विषम असेल तेव्हाच एका संघाला बाय दिला, तर फेऱ्यांचे सामने ६, ३, २, १. तीन बाय पहिल्याच फेरीत दिले, तर ५, ४, २, १. दोन्हीकडे १२. सर म्हणाले, योगायोग आहे. मग मी एका संघाला थेट अंतिम सामन्यात बसवलं. उरलेल्या १२ जणांतून एक निवडायला ११ सामने, आणि अंतिम एक. तरीही १२. यावर त्यांनी वर्गाला पुढचं पान उघडायला सांगितलं. गुण तेच राहिले.

माझं स्पष्ट मत आहे: फेऱ्यांची बेरीज ही पद्धत नव्हे, ते नुसतं मोजकाम आहे. विंबल्डनच्या एकेरीत १२८ खेळाडू असतात. ६४, ३२, १६ असं मिळवत गेलात तर १२७ येतील, पण दर वेळी एकच कमी का येतो हे ती बेरीज सांगत नाही. "एक सामना, एक बाहेर" हे वाक्य सांगतं. तीच खरी सिद्धता आहे आणि पूर्ण गुण तिलाच मिळायला हवेत.

आता शक्यतेबद्दल. "३२,७६८ मध्ये १" हे तुम्ही नाणं उडवून तक्ता भरलात तरच खरं. प्रत्येक सामन्यात तुमचा अंदाज बरोबर येण्याची शक्यता ७० टक्के असेल, तर ०.७ चा १५ वा घात, म्हणजे साधारण २१० मध्ये १. खरा आकडा संघांच्या ताकदीवर ठरतो, निकाल मोजून तो मिळत नाही.

हे सगळं भाग्यपत्रिका, म्हणजे कोणाची गाठ कोणाशी पडणार याचा तक्ता, आधीच ठरलेली आहे असं धरून. इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेसारखी दर फेरीला नव्याने सोडत असेल तर कोण कोणाशी भिडलं हेही मोजावं लागतं. ८ संघांच्या ३१५ वेगळ्या भाग्यपत्रिका होतात, प्रत्येकीचे १२८ निकाल, एकूण ४०,३२०. हे थेट ८ चं क्रमगुणित, म्हणजे १ ते ८ चा गुणाकार आहे! १६ संघांना तसंच १६ चं क्रमगुणित, मात्र कोणालाही बाय नसेल तरच. शिवाय तिसऱ्या क्रमांकाचा सामना असेल तर एक सामना वाढतो: २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या बाद फेरीत संघ १६ आणि सामनेही १६ होते, म्हणजे ६५,५३६. दोनदा हरल्यावर बाहेर काढणाऱ्या स्पर्धांना यातलं काहीच जसंच्या तसं लागू नाही.

तुम्ही हे परीक्षेसाठी विचारत असाल तर कारणाचं वाक्य पूर्ण लिहा, नुसतं १५ लिहून थांबू नका. तरीही कोणी पायऱ्या नाहीत म्हणून गुण कापले, तर बाय हलवल्याने सामन्यांची संख्या बदलते असं एक तरी उदाहरण त्यांच्याकडे मागा. असं उदाहरण नाही.