एअर रायफलच्या स्कोपला मोबाईल कसा बसवायचा आणि फोकस कसा करायचा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: तुम्ही निपाणीत राहता, मुलगी दहा मीटर नेमबाजीचा सराव करते. घरच्या ४.५ मिमीच्या स्प्रिंग रायफलवर ३-९×४० चा स्कोप आहे, म्हणजे चित्र ३ ते ९ पट मोठं दाखवणारा आणि पुढची काच ४० मिमीची. दुर्बिणीला लावायचा मोबाईल होल्डर आणून स्कोपला बसवला, तर स्क्रीनच्या मधोमध चिमुकलं चित्र आणि भोवती सगळा काळोख. शिवाय क्रॉस (स्कोपमधली नेम धरायची फुली) स्पष्ट झाला की टार्गेट पुसट होतं, टार्गेट स्पष्ट झालं की क्रॉस जातो.

या दोन वेगवेगळ्या अडचणी आहेत आणि दोन्ही सुटण्यासारख्या आहेत. नवा मोबाईल घ्यायची काहीच गरज नाही.

आधी काळोखाचं बघू. साध्या दुर्बिणीत डोळा काचेपासून दीड-दोन सेंटीमीटरवर ठेवायचा असतो, म्हणून तिचा होल्डर मोबाईलला तेवढ्याच अंतरावर धरतो. रायफलच्या स्कोपमध्ये हेच अंतर साधारण ८ ते ९ सेंटीमीटर असतं, कारण बार झाल्यावर स्कोप डोळ्यावर आदळू नये. म्हणजे तुमचा मोबाईल सहा-सात सेंटीमीटर जास्तच पुढे गेलाय. होल्डर काढा, मोबाईल हातात धरून हळूहळू मागे न्या. एका जागी चित्राचं वर्तुळ एकदम मोठं होतं आणि त्याची कड स्वच्छ दिसते. ते अंतर पट्टीने मोजून ठेवा, पुढचं सगळं काम त्या मापावर.

एवढं करूनही थोडा काळा भाग राहणारच, तो दोष नाही. स्कोपमधून दिसणारं वर्तुळ डोळ्याला वीसेक अंशांचं असतं आणि मोबाईलची मुख्य लेन्स त्याच्या तिपटीहून रुंद बघते. मोबाईलवर दुप्पट झूम केला की चित्र बऱ्यापैकी भरतं. दोष कधी समजायचा, तर वर्तुळाच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी सावली आली तर. मग मोबाईल मध्यावर नाही, सावली जाईपर्यंत आडवा किंवा उभा सरकवायचा.

हे मध्य साधणं किती नाजूक आहे ते आकड्यांत सांगतो. स्कोपमधून बाहेर पडणाऱ्या उजेडाच्या झोताची जाडी म्हणजे पुढच्या काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन. ४० मिमीची काच ४ वर ठेवली तर झोत १० मिमीचा, ९ वर ठेवली तर जेमतेम साडेचार मिमीचा. मोबाईलच्या लेन्सचं तोंड साधारण ३ मिमी. म्हणजे ९ वर तुम्हाला एक मिलिमीटरसुद्धा इकडंतिकडं चालत नाही. म्हणून बसवताना स्कोप ४ वर ठेवा. दहा मीटरला तसंही ४ ते ६ पुरतं.

आणखी एक गोष्ट. दोन-तीन लेन्सच्या मोबाईलमध्ये झूम केला की तो गुपचूप दुसऱ्या लेन्सवर जातो आणि चित्र गायब होतं. कुठली लेन्स चालू आहे ते एकेकीवर बोट ठेवून बघा आणि तीच स्कोपच्या मध्यावर आणा.

आता फोकस. इथेच बहुतेकांचं चुकतं, कारण सगळे मोबाईलच्या ऑटोफोकसवर विसंबतात. क्रॉस आणि टार्गेट ही दोन्ही चित्रं स्कोपच्या आत एकाच पातळीवर पडली नसतील, तर जगातला कुठलाही कॅमेरा दोन्ही एकदम स्पष्ट दाखवू शकत नाही. तो कधी याच्यावर, कधी त्याच्यावर उडी मारतो. तुम्हाला जे दिसतंय ते नेमकं हेच. हे काम स्कोपचं आहे, कॅमेऱ्याचं नाही.

म्हणून आधी कॅमेऱ्याला बांधून टाका. प्रो मोड किंवा मॅन्युअल फोकस असलेलं ॲप घ्या, मोबाईल स्कोपशिवाय लांबच्या डोंगरावर किंवा टॉवरवर धरा आणि फोकस अनंतावर लॉक करा. तो आता हलवायचा नाही. मग मोबाईल बसवा, स्कोप उजळ पांढऱ्या भिंतीकडं धरा (सूर्याकडं चुकूनही नको) आणि स्कोपची मागची, डोळ्याकडची रिंग फिरवत क्रॉस स्क्रीनवर कोरल्यासारखा काळा होईपर्यंत आणा. हे डोळ्याने करण्यापेक्षा लॉक केलेल्या मोबाईलने केलेलं जास्त अचूक येतं, कारण आपला डोळा नकळत स्वतःला जुळवून घेतो आणि बांधलेला कॅमेरा तसं करत नाही. क्रॉस जमला की त्या रिंगवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. मग रायफल वाळूच्या पिशवीवर ठेवून टार्गेटवर धरा आणि पुढच्या काचेभोवतीची अंतराची रिंग फिरवून टार्गेट स्पष्ट करा. दहा मीटर म्हणजे जवळजवळ ११ यार्ड, रिंगवर १० चा आकडा असेल तर त्याच्या आसपास सापडेल. रिंगवरच्या आकड्यावर जाऊ नका, स्क्रीनवर काय दिसतं त्यावर जा.

तुमच्या स्कोपला ती रिंगच नसेल तर तो कारखान्यातच ५० किंवा १०० यार्डाला बांधलेला असणार आणि दहा मीटरला पुसटच दाखवणार. पुठ्ठ्याची चकती कापा, मधोमध ६ ते ८ मिमीचं गोल भोक पाडा आणि पुढच्या काचेवर बसवा. मॅग्निफिकेशन ४ वर. उजेड कमी होतो, पण क्रॉस आणि टार्गेट दोन्ही कामापुरते स्पष्ट येतात. काही जण पुढची काच सैल करून अंतर जुळवतात. होतं तसं, पण आतला कोरडा वायू निघून जातो. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात अशा स्कोपला आतून बुरशी धरायला वेळ लागत नाही, म्हणून माझा त्याला विरोध आहे.

बसवायला मी सांगेन, नळीच करून घ्या. मागच्या काचेच्या बाहेरच्या घराचा व्यास व्हर्नियरने मोजा. मी बेळगावचा, त्यामुळं माझी धाव उद्यमबागेतल्या लेथवाल्यांपर्यंत. तुम्हाला कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर जवळ पडेल. ॲल्युमिनियम किंवा नायलॉनची नळी, आतून काळा मॅट रंग, पुढच्या टोकाला उभी चीर पाडून आवळायचा क्लॅम्प, मागे मोबाईलच्या कव्हरला चिकटवलेली चकती. क्लॅम्पखाली सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी घाला, म्हणजे स्कोपला चरा पडत नाही. खर्च नको असेल तर प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपचा तुकडाही चालतो. लक्ष एवढंच ठेवा की क्लॅम्प फोकसच्या फिरणाऱ्या रिंगवर आवळायचा नाही. मोबाईलच्या वजनाने ती फिरते आणि केलेलं सगळं पाण्यात. काही स्कोपांचं मागचं घर सगळंच फिरतं, तिथं टेप लावल्याशिवाय गत्यंतर नाही. हे सगळं करताना रायफल रिकामी आणि तिची बॅरल बिजागरीवर वाकवून उघडी ठेवा. आपण वारंवार तिच्या तोंडासमोर येतो.

स्प्रिंगची रायफल असल्यामुळं एक इशारा. या रायफलचा धक्का दुहेरी असतो, आधी मागे आणि पिस्टन पुढे आदळला की पुढे. साध्या स्कोपची काच आणि क्रॉस त्याने हलतात, तर मोबाईलचं काय. नव्या मोबाईलमध्ये चित्र स्थिर ठेवायला लेन्स आत तरंगती ठेवलेली असते, ती अशा झटक्यांनी बिघडू शकते. म्हणून ती सोय नसलेला जुना, हलका मोबाईल वापरा. मोबाईल चेहऱ्यासमोर येतो, तेव्हा मुलीच्या डोळ्याला सेफ्टी गॉगल हवाच. आणि मोबाईल चढवला की रायफलचा तोल बदलतो, छर्रा पूर्वीच्या जागी लागत नाही. झीरो, म्हणजे क्रॉस आणि छर्रा एकाच जागी आणणं, मोबाईलसकट पुन्हा करा.

शूटिंग करताना पांढरा कागद फटफटीत होऊन रिंगा दिसेनाशा होतात. स्क्रीनवर टार्गेटवर बोट दाबून एक्स्पोजर खाली ओढा आणि लॉक करा. साध्या सरावाला सेकंदाला ६० फ्रेम भरपूर. छर्रा उडताना बघायची हौस असेल तर २४०. दहा मीटरच्या रायफलचा छर्रा सेकंदाला १७० मीटरच्या आसपास जातो, म्हणजे टार्गेटपर्यंतच्या प्रवासात चौदाएक फ्रेम मिळतात. पण ते उन्हात करा, कारण ट्यूबलाइटखाली ५० हर्ट्झच्या विजेमुळं २४० फ्रेमचं चित्र लुकलुकतं.

आता ज्यासाठी हा खटाटोप करायचा ते. दहा मीटरच्या स्पर्धेत स्कोप चालत नाही, तिथं पीप साइट असते, म्हणजे बारीक भोकातून नेम धरायची साइट. तरीही मी म्हणतो की आठवड्यातून एखादा दिवस स्कोपवर कॅमेरा लावाच, कारण छर्रा सुटण्याआधीच्या अर्ध्या सेकंदात हात काय करतो ते टार्गेटवरच्या भोकावरून कधीच कळत नाही. व्हिडिओ फ्रेम-फ्रेम मागे न्या. क्रॉस टार्गेटभोवती सावकाश डुलतोय आणि तेवढ्यात छर्रा सुटला, तर तो नुसता श्वासाचा आणि पवित्र्याचा प्रश्न. क्रॉस शांत होता आणि सुटण्याच्या क्षणी उजवीकडं-खाली झटका बसला, तर बोट ट्रिगर ओढत नाही, हिसडतंय. सुटण्याआधीच क्रॉस वर गेला, तर ती छर्रा कुठं लागला ते बघायला डोकं उचलतेय. टार्गेटवरचा दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, एवढ्याशा हालचालीनेही तो सुटतो. स्प्रिंगचा धक्का ट्रिगरनंतरचा असतो, त्याला हाताची चूक समजू नका. बार होण्याआधीच्याच फ्रेम बघा.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक घेतलं. तुमची मुलगी त्याच पट्ट्यातली आहे आणि तिला स्वतःचा ट्रिगर स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळणार आहे. व्हिडिओ तिलाच आधी बघू द्या, चूक तिनेच बोट ठेवून सांगू द्या. तुम्ही तोपर्यंत बोलू नका.