खुणा जुळल्या, तरी गाडी चढावर धापा का टाकते?

प्रश्न : काका, माझी चार सिलिंडरची, कार्बोरेटरवाली जुनी गाडी आहे. डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा) कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, मागच्या टोकावर बसतो. क्रँक आणि कॅमला जोडणारा दातेरी टायमिंग बेल्ट मी स्वतः बदलला. त्यानंतर गाडी लवकर सुरू होईना, तापायलाही लागली. मग ठिणगी केव्हा पडते ते दाखवणारी टायमिंग लाइट लावून, डिस्ट्रिब्युटर फिरवून पुस्तिकेतले ८ अंश (पिस्टन माथ्यावर येण्याआधीचे) आणले. आता सुरू होते, आयडल बरं आहे. पण चढावर धापा टाकते. वेगात मात्र ठीक पळते. प्लग, पॉइंट, कॉइल सगळं नवं घातलं. डिस्ट्रिब्युटर त्याच्या नटाच्या लांबट खाचेच्या पार टोकाला गेलाय, आणखी फिरत नाही. काय चुकतंय?

उत्तर : नव्या कॉइलचा खर्च वाया गेला. खाचेचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण मी तिथेच थांबलो. डिस्ट्रिब्युटरचा नट सैल करून खाचेभोवती बघा. सगळीकडे तेल-धुळीचा थर असेल आणि एका जागी वॉशरच्या आकाराचा स्वच्छ गोल. बेल्ट बदलण्याआधी नट तिथे होता. तो गोल खाचेच्या मधल्या भागात निघाला, तर बेल्ट एक दाता चुकलाय असं समजून कामाला लागा.

कॅम मागे राहिला की त्याच्यावर बसलेला डिस्ट्रिब्युटरही तेवढाच मागे राहतो. तुम्ही तो फिरवून ठिणगी वेळेवर आणलीत, म्हणून लाइटने ८ अंश दाखवले. ती खोटं बोलली नाही, पण तिला फक्त ठिणगी दिसते. व्हॉल्व्ह अजून उशिराच उघडताहेत आणि उशिराच मिटताहेत. किती उशिरा? क्रँकच्या गिअरला २० आणि कॅमच्या गिअरला ४० दाते असतील, तर एका दात्यामागे क्रँकचे १८ अंश. थोडेथोडके नाहीत. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा मिटला की वर येणारा पिस्टन भरलेलं मिश्रण परत मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे ते जिथून आलं त्या नळीत, ढकलतो. इंजिन जोरात फिरत असलं की आत येणारा झोतच इतका नेटाचा असतो की हे फारसं जाणवत नाही. चढावर, कमी फेऱ्यांत, लगेच जाणवतं.

कव्हर उघडण्याआधी खात्री करून घ्या. चारही प्लग काढा, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा, कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजा. एकच सिलिंडर कमी दाखवत असेल तर दुखणं त्या सिलिंडरचं. चारही सारखेच कमी दाखवत असतील तर संशय टायमिंगवर. मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा व्हॅक्यूम गेज असेल तर तोही लावा : निरोगी इंजिन आयडलला साधारण १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) दाखवतं. तुमचा काटा स्थिर राहील, पण त्याच्या बराच खाली.

चूक कशी होते तेही सांगतो. क्रँक आणि कॅमच्या गिअरवरच्या खुणा जुळवताना बेल्टची ज्या बाजूला टेन्शनर (बेल्ट ताणणारी चकती) नाही ती बाजू सैल राहते. क्रँक फिरला की आधी तो सैलपणा ओढून घेतो, मग कॅम हलतो. झाला एक दाता मागे. म्हणून ती बाजू ताठ ठेवून बेल्ट चढवायचा आणि सगळा ढिलेपणा टेन्शनरकडे सारायचा. खूण बघताना डोळा गिअरच्या अगदी समोर हवा. तिरकं बघितलं की अर्धा दाता सहज फसवतो.

टेन्शनर आवळल्यावर प्लग बाहेरच ठेवा आणि इंजिन पान्याने, त्याच्या चालत्या दिशेने, पूर्ण दोन फेऱ्या फिरवा. क्रँकच्या दोन फेऱ्या म्हणजे कॅमची एक. मग खुणा पुन्हा बघा. नव्या बेल्टवरच्या रंगीत रेघा आता जुळणार नाहीत. घाबरू नका, त्या फक्त चढवताना कामाच्या. फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. माझ्या पहिल्या बेल्टच्या वेळी मला वाटलं गंज असेल, आणि मी पान्याला पाइप लावला. दोन व्हॉल्व्ह वाकले. हेड उतरवावं लागलं, आणि उस्ताद आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

आता डिस्ट्रिब्युटर त्या स्वच्छ गोलावर आणा. आधी पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या उघडमीट करणाऱ्या संपर्काचा) गॅप, मग लाइट, कारण गॅप हलला की टायमिंगही हलतं. लाइट लावताना डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करायला विसरू नका.

प्रश्न : कशालाही हात लावला नाही, इंजिन छान चालतंय, तरी लाइटखाली १० ऐवजी २५ अंश दिसतात. टायमिंग मागे घेऊ का?

उत्तर : घेऊ नका. लाइटची खूण क्रँकच्या पुढच्या पुलीवर असते आणि त्या पुलीच्या बाहेरच्या कड्याखाली रबर असतं. ते सुटलं की कडं सरकतं आणि खूणही त्याच्याबरोबर जाते. पहिल्या प्लगच्या भोकात प्लॅस्टिकची लांब नळी उभी धरा. पिस्टन माथ्यावर येण्याआधी १० मिलिमीटर खाली असताना पुलीवर एक रेघ ओढा, माथा ओलांडून तेवढाच खाली गेल्यावर दुसरी. दोन्हींच्या मधोमध खरा माथा. जुनी खूण तिथे नसेल तर पुली बदला.

प्रश्न : गिअरवर चालणारा डिस्ट्रिब्युटर काढून, पुलीची खूण शून्यावर ठेवून परत बसवला. आता इंजिन सुरू होत नाही, कार्बोरेटरमधून भडका येतो.

उत्तर : अर्धा फेरा उलटा बसलाय. खूण शून्यावर दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनला आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. पहिल्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून इंजिन फिरवा. हवा बोट ढकलू लागली की पुढचा शून्य तुमचा. तेव्हा रोटर (डिस्ट्रिब्युटरमधला फिरणारा भाग) पहिल्या प्लगच्या वायरीकडे हवा. वायरी अदलाबदल करूनही भागतं, पण मी तसं करत नाही. पुढे जो कोणी ते झाकण उघडेल, तो मला शिव्या घालेल.