‘पायऱ्या पण घे, मागाहून बघूया’

पेडण्याहून एका तरुण मेस्ताचं पत्र आलं आहे. चार वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली लाद्या बसवल्या, गेल्या वर्षापासून तो स्वतःची कामं घेतो. डिचोलीतल्या एका जुन्या घराचं काम त्यानं नुसत्या मजुरीवर ५२,००० रुपयांना ठोक घेतलं. सुमारे ९०० चौरस फूट, दोन बाय दोनच्या टाइल्स, चवथीआधी पूर्ण. कागद काही नाही. घर एकदा पाहिलं, तेही सामान आत असताना. काम सुरू झाल्यावर जुनी लाल सिमेंटची जमीन वरखाली निघाली आणि तीन दिवस तोडफोड करावी लागली. मालकांनी टाइल्स आणल्या त्या दोन बाय चारच्या. मालकीणबाईंचा मेसेज आला, ‘पायऱ्या पण घे, मागाहून बघूया.’ स्कर्टिंगही, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची टाइलची पट्टी, झालं. हातात आले ३२,०००. बाकी २०,००० आणि जादा कामाचे २९,१५० मागितले तर मालक म्हणतात, ‘ठोक म्हणजे ठोक. शिवाय अकरा टाइल्स पोकळ वाजतात, त्या परत करायला लागतील, तुला काहीच मिळणार नाही. आणि लिहून कुठं दिलंय? गोव्यात पोर्तुगीज कायदा आहे.’ चवथीनंतर देतो, दिवाळीनंतर देतो, आता तुळशीच्या लग्नानंतर देतो, असं चाललंय. पत्राच्या शेवटी विचारलंय, ‘पायऱ्यांच्या टाइल्स उखडून आणल्या तर?’

आधी शेवटचंच. त्या टाइल्स मालकांनी विकत घेतलेल्या आहेत. त्या तुमच्या कधीच नव्हत्या. उखडायला गेलात तर आगळीक, म्हणजे दुसऱ्याच्या मालाची नासधूस, आणि घरात घुसल्याचा गुन्हा तुमच्यावर लागेल, आणि येणं असलेला माणूस एका रात्रीत आरोपी होईल. हे डोक्यातून काढा.

पोर्तुगीज कायद्याची धमकी आमच्याकडे दर दुसरा माणूस देतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात आजही आहे, पण ती मुख्यतः लग्न, संपत्तीची भागीदारी, वारसा अशा घरगुती गोष्टींत. कामाच्या व्यवहाराला भारतीय करार कायदा, १८७२ लागतो आणि त्यात तोंडी करारही करारच असतो. पैसे मागायची मुदत भारतीय मुदत कायद्याप्रमाणे चालते, हेही सर्वोच्च न्यायालयानं २००१ साली गोव्याच्याच एका प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पैसे कधी द्यायचे हे ठरलं नसेल तर काम पूर्ण झाल्यापासून तीन वर्षं तुमच्या हातात आहेत.

आता हिशेब. तुम्ही चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबल्यात आणि त्यामुळेच मालकांना सगळंच झटकणं सोपं गेलं. त्या सुट्या करू.

तोडफोडीचे ९,००० सोडून द्या. वाईट वाटेल, पण घर तुम्ही पाहिलं होतं. सामान बाजूला करून, लेव्हल लावून जमीन बघायची जबाबदारी दर सांगणाऱ्याची. करार कायद्याच्या कलम २० मध्ये सरळ लिहिलंय की एखाद्या गोष्टीच्या किमतीचा अंदाज चुकला तर त्याला वस्तुस्थितीची चूक मानत नाहीत. म्हणजे तुमचा अंदाज चुकला, पण करार तसाच उभा राहतो. तोडण्याआधी ‘हे वेगळे पैसे’ असं सांगून त्यांच्याकडून हो घेतलं असतं तर गोष्ट निराळी. तुम्ही कामाच्या भरात सांगितलं नाही, असं पत्रावरून दिसतं.

पायऱ्यांचं उलट आहे. सोळा पायऱ्या, चारशेप्रमाणे ६,४०० रुपये. त्या ठोक कामात नव्हत्या, त्यांच्या सांगण्यावरून केल्या, फुकट करायचा इरादा नव्हता आणि त्यावरून घरचे रोज चढउतार करतात. दर ठरला नव्हता म्हणून पैसेच नाहीत असं होत नाही. वाजवी दर मिळतो. कलम ७० नेमकं अशा कामासाठी आहे. ‘मागाहून बघूया’ हे दोन शब्द तर तुमच्या बाजूचे आहेत. बघायचं म्हणजे हिशेबच ना? मेसेज मालकीणबाईंचा असल्यानं ‘मी सांगितलंच नव्हतं’ असं मालक म्हणतील. नोटीस दोघांच्या नावानं द्या.

टाइलचा आकार मालकांनी बदलला. ‘दोन बाय चारला वेळ जातो, दर वाढेल’ असा तुमचा व्हॉइस मेसेज आहे आणि त्यावर त्यांनी होकाराचा अंगठा पाठवलाय. हे ९,००० मागा. स्कर्टिंगचे ४,७५० ही घासाघीस आहे. ‘खोली म्हटली की स्कर्टिंग आलंच’ असं ते म्हणतील. या धंद्यात ते रनिंग फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर, वेगळं मोजतात, हे सांगायला दुसरा एखादा मेस्त आणता आला तर बरं.

पोकळ टाइल्सबद्दल मात्र तुमचं पत्र मला पटलं नाही. ‘अकराच तर आहेत,’ तुम्ही लिहिता. दोन बाय चारची एक टाइल आठ चौरस फूट. अकरा म्हणजे ८८, जवळजवळ कामाचा दहावा हिस्सा. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, म्हणून नुसत्या सिमेंटवर धरत नाही हे तुम्हाला माहीत होतं. अॅडेझिव्ह, म्हणजे टाइल चिकटवायचा मसाला, मालकांनी आणलं नाही हे खरं, पण कारागीर तुम्ही, आणि बसवल्या तुम्ही. शिवाय तुमच्या कामात ते ग्राहक आहेत, दोन वर्षांत ग्राहक आयोगात तक्रार करू शकतात. तुम्हाला तो दरवाजा नाही. अकरा टाइल्सच्या नावाखाली सगळे पैसे अडवता येत नाहीत, दुरुस्तीला वाजवी जितकं लागेल तितकंच कापता येतं, हेही तितकंच खरं. म्हणून तुम्हीच लिहून द्या: टाइल्स तुम्ही द्या, मी मजुरी न घेता बदलून देतो. त्यांनी दार उघडलं नाही तर नुकसान वाढवल्याचा दोष त्यांच्याकडे जातो.

मग ठोक कामाचे बाकी २०,००० धरून नोटीस ४०,१५० रुपयांची, बाबवार, स्पीड पोस्टानं, पोच घेऊन. पंधरा दिवसांची मुदत द्या आणि त्या तारखेपासून व्याज मागत असल्याचं स्पष्ट लिहा. व्याज कायदा, १९७८ प्रमाणे लेखी मागणीला महत्त्व आहे. चॅट पुसू नका, फोन विकू नका. कोर्टात व्हॉट्सॅप दाखवायचं तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ फोन हातात असला की ते सोपं जातं.

एवढ्या रकमेसाठी लगेच दावा घालू नका, असं वकील असून सांगतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व लोकअदालतीसाठी अर्ज करा. कोर्ट फी नाही, आणि तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, त्यावर अपील नाही. तिथं पस्तीस हजारांच्या आसपास कुणी म्हणालं तर मी तुमच्या जागी सही करीन.

पुढचं काम घेताना वहीचं एक पान पुरे. टेप लावून मोजलेलं क्षेत्र, टाइलचा आकार आणि त्याचा चौरस फुटाचा दर, स्कर्टिंग रनिंग फुटावर, पायरी नगावर, जुनी जमीन तोडणं वेगळं, अॅडेझिव्ह कुणाचं, पैसे किती टप्प्यांत. खाली दोघांची सही. नवीन माणसाला ठोक दर सांगायची घाई असते, काम हातचं जाईल म्हणून. ठोक सांगायचाच तर ‘एवढ्याच कामाचा’ हे त्यात लिहा. मध्येच काही वाढलं तर त्याच संध्याकाळी मेसेज: ‘आज तुम्ही सांगितल्याप्रमाणे अमुक वाढलं, एवढे रुपये, चालेल ना?’ उत्तर आल्याशिवाय दुसऱ्या दिवशी त्याला हात लावू नका.

टाइल्स बदलायला बोलावलं तर सोबत एक माणूस न्या. आधी सगळ्या जमिनीवर लाकडी हातोडीनं ठोकून पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर मालकांसमोर खडूनं खूण करा आणि फोटो काढा. अकरा आहेत की सात, हे अजून तुम्ही स्वतः मोजलेलं नाही.