पैसे भरले, गेम मात्र अर्धाच

“गेमवर पैसे घालवतो आणि रात्री बसून त्याच गेमला शिव्या घालतो. हे व्यसन नाही तर काय?” माझ्याकडे सल्ल्यासाठी आलेल्या भांडुपच्या एका आईचा हा प्रश्न. सोबत वडील आणि २३ वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

व्यसनाची शंका आधी मिटवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीनुसार गेमिंग डिसऑर्डरमध्ये, म्हणजे गेमच्या व्यसनात, खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळं मागे पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं थांबत नाही. आणि हे साधारण १२ महिने चालायला लागतं. या मुलाने तर गेम कित्येक आठवड्यांत उघडलाच नव्हता. अपडेट आलं का एवढंच रोज बघायचा आणि चिडायचा.

गेम ‘अर्ली ॲक्सेस’मधला, म्हणजे तयार होण्याआधीच विकायला काढलेला. गेम विकणाऱ्या ‘स्टीम’ या ऑनलाइन दुकानात ही सोय २०१३ पासून आहे. गेम अपूर्ण आहे, पुढे बदलेल किंवा बदलणारही नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं असतं. मुलाने ते वाचलं होतं. पण ‘बाल्डर्स गेट ३’ हा गेम २०२० मध्ये असाच अर्धवट आला आणि २०२३ मध्ये पूर्ण होऊन गाजला, हेही त्याला माहीत होतं. आशा अशा उदाहरणांवरच जगते.

“तू नेमकं काय विकत घेतलंस?” मी विचारलं. त्याने भराभर यादी सांगितली: नवे नकाशे, मित्रांसोबत खेळायची सोय, कथेचा पुढचा भाग. यातलं एकही अजून गेममध्ये नव्हतं. मग हळूच म्हणाला, “मी त्यांना रात्री जागून बग, म्हणजे गेममधल्या चुका, लिहून पाठवलेत. एकाचंही उत्तर नाही.” माझ्या मते खरं दुखणं हे होतं. पैसे त्याने केव्हाच सोडून दिले असते.

इतका वेळ गप्प बसलेले वडील तेव्हा बोलले. बदलापूरला बुक केलेल्या फ्लॅटच्या ताब्यासाठी ते सहा वर्षं थांबले होते. दर रविवारी लोकलने साइट बघायला जायचे. “आणि येताना असेच चिडलेले असायचे,” आई म्हणाली. बिल्डरांवर लक्ष ठेवणारा महारेरा असतो, तसा गेमला नसतो, एवढाच फरक. घरात “गेमच तर आहे” म्हणणं त्या दिवसापासून थांबलं.

मुलाला मी एकच काम दिलं: आज गेममध्ये जे आहे, तेवढ्याचे किती पैसे दिले असतेस, ते लिही. आकडा भरलेल्या रकमेच्या चौथाईवर आला. उरलेलं बुडीत धरून त्याने नोटिफिकेशन बंद केली आणि त्या गेमचा डिस्कॉर्ड या चॅट ॲपवरचा ग्रुप सोडला. रिफंडची वेळ गेलीच होती. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि २ तासांपेक्षा कमी खेळलेलं असेल, तरच तो सहज मिळतो.

पुढे त्याने आणखी एक अर्धवट गेम घेतला, आईला न सांगता. दीड तास खेळला, आवडला नाही, त्याच रात्री परत केला.