स्मार्ट सिटीत भीती कशाची बाळगायची, हॅकरची की पालिकेची?

चौकात स्मार्ट सिटीचे कॅमेरे बसलेत, आता घरी स्मार्ट मीटरही येतोय, मग घाबरायचं ते कुणाला, असं तुम्ही विचारलंय. अशा प्रकल्पांचं नेटवर्क सांभाळणाऱ्या एका ठेकेदाराकडे मी काही वर्षं काम केलंय. मला विचाराल तर आधी टेंडर वाचा.

चौकातल्या खांबाला करडा लोखंडी डबा असतो ना, त्यात नेटवर्क स्विच, फायबरची जोडणी आणि यूपीएस असतो. कुलूप असं, की एका किल्लीने निम्म्या शहरातले डबे उघडावेत. एका डब्याच्या झाकणावर आतून कॅमेऱ्याचा आयपी आणि पासवर्ड चक्क मार्करने लिहिलेला होता. रात्रपाळीच्या पोरांना सारखा फोन करावा लागू नये म्हणून! नेटवर्कचे एकमेकांपासून वेगळे कप्पे नीट पाडलेले नसले, तर तिथे लॅपटॉप जोडणाऱ्याला पुढचे सगळे चौक मोकळे.

हे असंच का राहतं? करारात दंड लागतो तो कॅमेरा बंद पडल्याबद्दल. फर्मवेअर, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं तर कॅमेरा रीस्टार्ट करावा लागतो, तेवढा वेळ तो बंद दिसतो, आणि परत चालू झालाच नाही तर शिडी घेऊन पळा. मग कोण कशाला हात लावेल? 2016 साली मिराई नावाच्या मालवेअरने, म्हणजे घातक सॉफ्टवेअरने, जगभरातले कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, तेही कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदललेच नव्हते म्हणून.

आपल्याकडे 2021 च्या सुरुवातीला पिंपरी-चिंचवड स्मार्ट सिटीच्या सर्व्हरवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फायली कुलूपबंद करून पैसे मागणाऱ्या मालवेअरचा, हल्ला झाला आणि बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये तर 7 एप्रिल 2017 च्या रात्री कुणीतरी नुसत्या रेडिओ सिग्नलवर शहरातले 156 आपत्कालीन भोंगे वाजवले. तेव्हा हॅकर आहेच, पण दार बहुतेक वेळा उघडंच असतं.

पालिकेचं म्हणाल, तर अमेरिकेतल्याच सॅन दिएगो शहराचं प्रकरण बघा. 2016 साली तिथे वीज वाचवायची आणि रहदारी मोजायची म्हणून पथदिव्यांवर सेन्सर बसवायला मंजुरी मिळाली. त्यात कॅमेरेही होते. 2018 पासून पोलीस ते चित्रण तपासाला वापरू लागले आणि लोकांना कळलं ते त्यानंतर. बोंबाबोंब झाल्यावर 2020 मध्ये महापौरांनी ते बंद करायला सांगितलं. चोरी कुणीच केली नव्हती, एका कामासाठी घेतलेली माहिती दुसऱ्या कामाला लागली इतकंच. मला याचीच धास्ती जास्त वाटते, कारण यात कुठलाही अलार्म वाजत नाही. स्मार्ट मीटरचंही तेच: दर पंधरा-तीस मिनिटांची नोंद पाहून घर कधी रिकामं असतं ते कुणीही सांगेल.

2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, पण सरकारी यंत्रणांना त्यातून सूट देण्याची मुभा केंद्राने स्वतःकडे ठेवली आहे. शिवाय केंद्राचं स्मार्ट सिटी मिशन 31 मार्च 2025 ला संपलं. खांब, कॅमेरे, सर्व्हर मात्र जागच्या जागी आहेत आणि त्यांचा देखभाल खर्च आता कुणाच्या तरी गळ्यात पडणार.

तुम्हाला करता येण्यासारखं म्हणजे माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. चित्रण किती दिवस ठेवता, ते ठेकेदाराला दिसतं का, पोलिसांना कोणत्या लेखी आदेशाने देता, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या यादीतल्या ऑडिटरकडून शेवटचं ऑडिट कधी करून घेतलं, एवढंच विचारा. ऑडिटचा अहवाल मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन तो नाकारतील. नुसती तारीख मागा. ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं, तर 30 दिवसांच्या आत पहिलं अपील टाका.