पाईक, प्यादे आणि बिनपंखी गांधील

प्रश्न असा : ‘गेलिस’ या गांधिलींच्या प्रजातीतल्या कीटकांना ‘पंखहीन परजीवी माशी’ म्हटलेले चालेल का?

‘पंखहीन’ चालेल, मला ‘बिनपंखी’ जास्त आवडतो. मात्र तसे सरसकट लिहू नका. बिनपंखी असतात त्या मुख्यतः माद्या, बऱ्याच जातींत नरांना पंख असतात. ‘माशी’ गांधीलमाशीत रूढच आहे, सोडून देतो. पण ‘परजीवी’ नको! मराठीत ‘परोपजीवी’ असताना हिंदीचा शब्द आयता उचलायची ही कसली हौस? (उचलेगिरी या विषयाला शोभते म्हणा.) अर्थात हे परोपजीवीपण जरा वेगळे : गोचीड गुराला जगू देते, गेलिसची अळी मात्र यजमानाला (ज्या जीवावर ती पोसते त्याला) खाऊन संपवते. आणि यजमान तरी कोण? कित्येकदा दुसऱ्याच परोपजीवी गांधिलीची कोषातली संतती.

आता खरी गंमत. निसर्गशास्त्रज्ञ थुनबर्गने १८२७ साली ‘गेलिस’ हे नाव दिले. कीटकशास्त्रज्ञ ग्राव्हेनहोर्स्टने १८२९ साली याच किड्यांना ‘पेझोमॅकस’ म्हटले. आधीचे नाव टिकते या नियमाने ‘पेझोमॅकस’ मागे पडले, पण काय नाव होते! ग्रीक ‘पेझोस’ म्हणजे पायी चालणारा, ‘माखे’ म्हणजे लढाई. उडणाऱ्या गांधिलींच्या फौजेतले हे पायदळ. या ‘पेझोस’च्या मुळाशी जो धातू आहे तोच संस्कृत ‘पद्’मध्ये आहे. फारसीतून आलेले बुद्धिबळातले प्यादेही त्याच घरचे. आणि आपला पाईकही!

इथे काही जण हटकून सांगतात, की पाईक हा फारसी ‘पैक’, म्हणजे जासूद. प्राकृताचा व्याकरणकार हेमचंद्र याने बाराव्या शतकात ‘पदाति’चे प्राकृत रूप ‘पाइक्क’ असे सूत्रात नोंदवून ठेवले आहे, ते या मंडळींनी एकदा उघडून बघावे. फारसी ‘पैक’सुद्धा पायाच्याच शब्दातून निघालेला, तो पाइकाचा चुलतभाऊ, बाप नव्हे. कोशात दोन शब्द सारखे दिसले की उसनवारीची पावती फाडायची, ही खोड जुनी आहे.

म्हणून माझे मत, या किड्याला ‘पाईक गांधील’ म्हणावे. दिसायला ती हुबेहूब मुंगी. ‘गेलिस अजिलिस’ या युरोपातल्या जातीची मादी तर डिवचली की काळ्या बागमुंगीसारखा वासही सोडते, आणि लांडगा-कोळी (जाळे न विणता शिकार करणारे कोळी) तिच्यापासून लांब राहतात.

हां, ‘परजीवी’चे विचारले होते. ‘परोपजीवी’ लिहा.