‘केजन’ आणि काजू

चिप्सच्या पाकिटावर ‘केजन मसाला’ वाचून एका वाचकाने विचारलंय, हे केजन काय आहे आणि काजूशी त्याचं काही नातं आहे का?

काजूशी नाही. केजन हे एका लोकसमूहाचं नाव आहे, मुळातलं ‘अकादियँ’.

आजच्या कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या परिसरात सतराव्या शतकात फ्रेंच शेतकरी वसले. त्या मुलखाला म्हणत अकादी. १७१३च्या तहात तो ब्रिटिशांकडे गेला. राजनिष्ठेची बिनशर्त शपथ घेत नाहीत म्हणून १७५५पासून या लोकांना जहाजांत कोंबून हाकललं. त्यातले काही भटकत १७६०च्या दशकात आजच्या अमेरिकेतल्या लुइझियानात पोचले. १७८५मध्ये फ्रान्सहून सात जहाजांतून आणखी सुमारे १,६०० जण आले. या हद्दपारीला ते स्वतः म्हणतात ‘ग्राँ देराँजमाँ’, म्हणजे साधारण ‘मोठी विस्कटाविस्कट’. घरंदारं गेली, कुटुंबं फुटली, आणि शब्द हा एवढासा!

तर बोलताबोलता ‘अकादियँ’मधला पहिला ‘अ’ गळला, कादियँ उरलं. मग द आणि य एकमेकांत मिसळून ‘ज’ झाला. त्या ‘काजँ’चं इंग्रजीत केजन. यात नवल काही नाही, आपल्याकडे ‘अरण्य’चा अ गळून रान झालं, ‘अद्य’चं आज, ‘विद्युत्’ची वीज. तोंडाला सोपं पडेल तेच टिकतं, मग तोंड सातासमुद्रापारचं का असेना.

इंग्रजीत हा शब्द बराच काळ हिणवण्यासाठीही वापरला जाई. लुइझियाना राज्याच्या १९२१च्या घटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली. फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होत. तरी १९३४मध्ये लोकगीतं गोळा करणाऱ्या जॉन आणि ॲलन लोमॅक्स या बापलेकांनी तिथली फ्रेंच गाणी ध्वनिमुद्रित करून ठेवली. १९६८मध्ये राज्यानेच फ्रेंच जपायला संस्था काढली, आणि २०१०मध्ये लुइझियाना फ्रेंचचा जाडजूड शब्दकोश निघाला. असे कोश मला कादंबरीसारखे वाचावेसे वाटतात. पॅरिसमध्ये कोळंबी ‘क्रेव्हेत’, लुइझियानात ‘शेव्हरेत’. ‘आत्ता’साठी ‘अस्तर’, म्हणजे ‘या घटकेला’चं आकसलेलं रूप. (कोटाच्या अस्तराशी याचंही नातं नाही, आधीच सांगून ठेवतो.)

राहिलं लिहिण्याचं. मसाल्याला केजन म्हणा, ते आता रुळलंय. त्या लोकांच्या फ्रेंचविषयी लिहायचं असेल, तर मी ‘कादियँ’ लिहीन.